मतलई वारे

मागच्या अंकातलं आमचं मेंब्रेन-पुराण वाचून मंडळाच्या कोजागिरीला एका वाचक वहिनींनी आम्हाला मसाला दुधाच्या पातेल्यापाशी गाठलं. "ते बार न् मेंब्रेन जाऊ दे हो, रात्रभर जागून तुम्ही लोक करता तरी काय?" आम्ही "काम" असं बाणेदार उत्तर दिलं. पण शेजारीच आमच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. "काम कसलं? रात्री दोन वाजता चौघं मिळून समुद्रावर फिरायला जातात!" त्यांनी जाहीर केलं. त्यावर जमलेल्या मंडळींनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पाहता या खेपेच्या सदराचा विषय आम्ही निवडला असं म्हणता येणार नाही. तो आमच्यावर येऊन पडला.

तर वाचकहो, आरोप खरा आहे. आम्ही फिरतो. गेली बरीच वर्षं फिरतो आहोत.

आधी थोडी व्यवस्था सांगायला हवी. आमची रात्रपाळी संध्याकाळी सातला सुरू होते आणि सकाळी सातला संपते. मधे रात्री दोन ते पावणेतीन सुट्टी. दोनच का, तर त्या सुमाराला सगळं मस्कत झोपलेलं असतं, नळ बंद असतात, शहराची पाण्याची मागणी तळाला गेलेली असते. टाक्या भरत असतात आणि पंप एका लयीत चालू असतात. माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात खाली येतं असं वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे झोपेची खरी धाड दोनच्या पुढेच पडते. या धाडीला तोंड द्यायचे दोन मार्ग आहेत. एक, कँटीनमध्ये खुर्चीला खुर्ची जोडून तिच्या स्वाधीन व्हायचं. यात अडचण अशी, की पावणेतीनला उठलेला माणूस साडेतीनपर्यंत कुठल्याच कामाचा नसतो. दुसरा मार्ग चालण्याचा. एक इंजिनियर आणि पुरेशी माणसं प्लांटवर मागे ठेवून, मागच्या फाटकावर सिक्युरिटीच्या वहीत सही करून, वायरलेस कमरेला अडकवून बाहेर पडायचं. वायरलेसच्या टप्प्याबाहेर जायचं नाही, म्हणजे जाऊन-येऊन दीड-दोन किलोमीटर. फाटकापासून वाळू शंभर पावलांवर.

चौघांची ओळख करून देतो. पहिले अस्मादिक. ग्लासगोहून एम.एस्सी. करून आलो, २००७ साली मस्कतला उतरलो आणि महिनाभरात गोनू वादळ अंगावर घेतलं. (त्या जून महिन्यात वादळानंतर काही दिवस या शहरात पाण्यासाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना आमच्या धंद्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.) दुसरे भाई. वेंगुर्ल्याचे, मेकॅनिकल फोरमन, वयानं आमच्यापेक्षा बरेच वडील. घरी मासेमारी, त्यामुळे समुद्राविषयी शेवटचा शब्द त्यांचा. तिसरा चेट्टन, इलेक्ट्रिशियन, त्रिशूरचा. चौथा एक तरुण ओमानी इंजिनियर, आजोबा सूरच्या गलबतांवर होते असं अभिमानानं सांगणारा. त्याला आम्ही सगळे 'उस्ताद' म्हणतो आणि तो आम्हा तिघांनाही 'काका' म्हणतो. चेट्टनला ते अजून पटलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हे चौघे फिरताना बोलत नाहीत. असा नियम कुणी केला नव्हता. पण ज्यांनी उच्च दाबाच्या पंपाशेजारी काम केलं असेल त्यांना कारण कळेल. समुद्राचं पाणी मेंब्रेनमधून पलीकडे ढकलायचं तर साठ-पासष्ट बार दाब लागतो, आणि तो देणारे पंप जो आवाज करतात त्यात माणूस कानात बोळे घालून सात तास वावरलेला असतो. फाटकाबाहेर आल्यावर बोळे काढले की आधी काहीच ऐकू येत नाही. कान नुसते भणभणतात. मग हळूहळू, चार-पाच मिनिटांनी, लाटेचा आवाज यायला लागतो. तो मुळात होताच; आपले कान उशिरा पोचतात. अशा वेळी कुणी "काल मॅच पाहिली का" असं म्हणालं तर त्याला पाण्यात ढकलावंसं वाटेल. नव्या लोकांना हे जड जातं. मधे एक सज्जन आमच्यात यायचे, त्यांना घराच्या हप्त्यांवर बोलायची सवय होती. चार रात्री आले, पाचव्या रात्री कँटीनमध्ये झोपले.

फोनही खिशात. घरी फोन करायला ही वेळ तशी सोयीची नाही. इथे दोन म्हणजे तिकडे साडेतीन.

न बोलता चालल्यामुळे गोष्टी दिसतात. उदाहरणार्थ, वारा. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून ठेवतो, म्हणून वारा उलट फिरतो आणि जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दोन मार्कांचा प्रश्न. पण मतलई वारा अंगाला कसा लागतो हे आम्हाला वयाच्या तिशीत, मस्कतच्या वाळूत कळलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तो हजर पर्वताच्या बाजूनं, वाद्यांच्या कोरड्या पात्रांतून खाली येतो, थंड आणि कोरडा. त्याला खारट वास नसतो. धूळ, बाभळीसारखं काहीतरी, कुठल्या तरी वस्तीतल्या लोबानचा धूर. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर तो पाठीला लागतो.

उन्हाळ्यात मात्र याच डोंगरानं दिलेला वारा नको होतो. डोंगर उतरताना हवा दाबली जाते आणि तापते. आमच्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण. इथून जवळच्या कुरियातमध्ये जून २०१८ मध्ये सबंध चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. किमान तापमान बेचाळीस! जगात तोवर नोंदलेलं सगळ्यात चढं किमान. त्या आठवड्यात आम्ही फिरलो का? फिरलो. अर्ध्या वाटेतून परत आलो, हेही खरं.

भाईंना वाऱ्याचं नाव कळायला पुस्तक लागलं नव्हतं. त्यांच्या वडिलांची होडी रात्री मतलईवर बाहेर जायची आणि दुपारी खाऱ्यावर परत यायची. इंजिनं येण्याआधी सगळ्या कोकणपट्टीचं घड्याळ हेच होतं. इथे फिरायला लागलो त्या पहिल्या हिवाळ्यात भाई रोज परतीच्या ठिकाणी जरा थांबायचे, समुद्राकडे तोंड करून हात जोडायचे आणि मग वळायचे. आम्ही विचारलं नव्हतं. एकदा त्यांनीच सांगितलं, की समोर आपलं गाव. गावदेवतेला नमस्कार.

आता इंजिनियर माणसाला अशा वेळी गप्प बसता आलं पाहिजे. आम्हाला आलं नाही. आम्ही म्हटलं, "भाई, मस्कतचा किनारा उत्तरेला तोंड करून आहे. समोर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर इराण. वेंगुर्ला उजवीकडे, थोडं पाठीमागे, त्या टेकड्यांच्या पलीकडे. सुमारे अठराशे किलोमीटर."

भाई बराच वेळ टेकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सायब, म्हणजे इतकी वर्सां आमी इराणाक नमस्कार करत होतंव?"

चेट्टनला मराठी येत नाही, पण तो वाळूत बसून हसला. उस्तादला हिंदीतून समजावून सांगितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, की हरकत नाही, इराणलाही गरज आहे. दुसऱ्या दिवसापासून भाई टेकड्यांकडे वळून हात जोडायला लागले. पाठ समुद्राकडे, तोंड अंधाऱ्या डोंगराकडे. ते पाहून सिक्युरिटीतला माणूस बुचकळ्यात पडायचा.

आकाशाचंही असंच आहे. उत्तरेला समुद्र असल्यामुळे ध्रुव आमच्या पाण्यावर असतो आणि गावाकडच्यापेक्षा वर असतो. दक्षिणेला डोंगर, त्यांच्या माथ्यावर हिवाळ्यात अगस्त्याचा तारा. वेंगुर्ल्याला तो चांगला एकवीस अंश वर येतो. इथे जेमतेम साडेतेरा-चौदा. हात लांब करून मूठ धरली तर मुठीएवढा कमी, थोडा इकडेतिकडे. भाईंच्या हे लक्षात आलं होतं. "हयसर अगस्ती बसान आसा," म्हणायचे. उस्ताद त्याला सुहैल म्हणतो. ऑगस्ट सरत आला की पहाटे सुहैल दिसतो आणि अरब माणूस सुटकेचा श्वास टाकतो, उन्हाळ्याची पाठ फिरली म्हणून. आपल्याकडेही अगस्त्य उगवला की पावसाचं गढूळ पाणी निवळतं असं जुने लोक सांगत. दोन्हीकडे एकाच ताऱ्याकडे ऋतू फिरवायचं काम. आम्हाला मात्र त्याची दुसरीच कथा जवळची वाटते. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी! आमच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणायला हवा. ग्लासगोला असताना आम्हाला शिकवत, की समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्यानं उकळून गोडं करायच्या पद्धतीचे एक जनक रॉबर्ट सिल्व्हर, जे त्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. आम्ही मनात म्हणत असू, ठीक आहे, पण त्याआधी आमचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांना वीजही लागली नव्हती. आम्हाला दर हजार लिटरला तीन-चार युनिट लागतात.

पायाखाली काय असतं ते सांगायला लागलो तर हा अंक पुरणार नाही. खेकडे. ते वाळूचे छोटे छोटे शंकू रचतात, शेजारी बीळ. बॅटरी लावली की दगडासारखे होतात, विझवली की पळतात. ओहोटीला ओल्या वाळूवर त्यांची नक्षी असते आणि भरती ती रोज पुसते. ही भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. त्यामुळे दोनची सुट्टी कायम असली तरी समुद्र रोज निराळा. आज फाटकापाशी आलेला, आठवड्यानं पार लांब गेलेला. भाईंचा हिशेब घड्याळाचा नव्हता, तिथीचा होता: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. कोकणात बरोबर जमतं. इथे वेळ वेगळी, म्हणून त्यांनी त्यातून काही तास वजा करायचा स्वतःचा 'मस्कत फॅक्टर' काढला होता. आमच्या कंट्रोल रूमच्या पडद्यावर भरतीचं कोष्टक असतं. भाई एकदा तिथीनं, एकदा पडद्यावर पाहत आणि फरक पडला तर पडद्याकडे संशयानं बघत.

जानेवारी ते मार्चमध्ये कधी कधी पाणी पेटतं. शब्दशः नव्हे, पण दिसतं तसं. लाट फुटली की निळसर उजेडाची रेघ किनाऱ्याला समांतर धावत जाते. ओल्या वाळूत पाय टाकला की पावलाभोवती ठिणग्या. हे नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचं काम. एक पेशी फार तर मिलिमीटरभर, धक्का लागला की चमकते. अलीकडच्या वर्षांत कोकणातही लोकांनी हे पाहिलं आणि वर्तमानपत्रांत फोटो आले. सौभाग्यवती आणि चिरंजीवांना एकदा मुद्दाम घेऊन गेलो होतो, सुट्टीच्या दिवशी. चिरंजीव तासभर पाण्यात लाथा मारत होते. आम्ही मात्र हे बघताना पूर्ण खूश नसतो. दिवसा तेच पाणी हिरव्या पेजेसारखं दिसतं, आणि ती पेज आमच्या पाणी ओढायच्या नळापर्यंत आली की फिल्टर तुंबायला लागतात. २००८-०९ साली तर दुसऱ्याच जातीची लाल लाट या समुद्रात आठ महिन्यांहून जास्त राहिली, ढिगांनी मासे मेले आणि आखातातल्या आमच्यासारख्या काही प्लांटना पाणी ओढणं थांबवावं लागलं. तेव्हापासून उस्तादसारखी तरुण मुलं फिरायला येताना खिशात रिकामी बाटली ठेवतात. पाणी चमकलं की बाटली भरायची, लॅबमध्ये द्यायची. बाकीचे तिघं सौंदर्य बघतात आणि मनात फिल्टर मोजतात.

असो. इतकं सगळं सांगितलं ते एका आठवड्यासाठी. ती गोष्ट आम्ही आजवर या सदरात लिहिली नव्हती. भाई इथे असताना लिहायला संकोच वाटायचा.

२०१९ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. त्याआधी दोन-तीन दिवस कोकण किनाऱ्यापासून फार लांब नाही अशा जागी एक कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, आणि २५ तारखेला त्याचं 'क्यार' नावाचं चक्रीवादळ झालं. त्या वेळी ते रत्नागिरीपासून काहीशे किलोमीटरच्या आत होतं. सिंधुदुर्गाला पावसानं झोडपलं, समुद्र किनाऱ्यावर चढला. भाईंचा धाकटा भाऊ ट्रॉलर घेऊन बाहेर होता, सात खलाशी बरोबर. गुरुवारी, चोवीसला रात्री घरून फोन आला की बोट आली नाही, फोन लागत नाही.

भाई त्या रात्री कामावर आले. आम्ही म्हटलं, घरी थांबा. म्हणाले, "घरात भिंती बघान काय करू?" सुट्टी झाली, फाटकावर सही केली, निघालो. नेहमीसारखंच कुणी बोललं नाही. पण त्या रात्री आम्हाला कळलं, की गप्प राहण्याचेही प्रकार असतात. एरवीचं आमचं मौन आळशी होतं. ज्याचा तो आपल्या विचारात. त्या रात्री चौघांचं मिळून एकच होतं. चेट्टन, जो नेहमी पन्नास पावलं पुढे चालतो, तो भाईंच्या बरोबरीनं चालत होता. समुद्र आमच्याकडे अगदी शांत होता, तळ्यासारखा. तेच सगळ्यात वाईट. अठराशे किलोमीटरवर तेच पाणी काय करत होतं याची एक खूणही त्यावर नव्हती. भाई एकदा थांबले, खाली वाकून पाण्याला हात लावला आणि पुन्हा चालायला लागले.

शुक्रवारी दिवसभर आम्ही हवामान खात्याचे नकाशे बघत होतो. इंजिनियरला माहिती मिळाली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. त्यात बातमी एवढीच की वादळ जोर धरतंय आणि पश्चिमेला सरकतंय. म्हणजे त्यांच्याकडून निघून आमच्याकडे. वाऱ्यात सापडलेल्या बऱ्याच बोटी देवगड बंदरात शिरल्या आहेत असं कळत होतं. देवगडचं बंदर डोंगराच्या कुशीत, चहूबाजूंनी झाकलेलं; त्या पट्टीत वादळात सापडलेला माणूस तिथे धावतो. पण कोणत्या बोटी, ते कुणी सांगत नव्हतं.

शुक्रवारच्या रात्री पुन्हा निघालो. त्या रात्री भाईंचा फोन खिशात नव्हता, हातात होता. परतीच्या जागेवर पोचलो. भाई टेकड्यांकडे वळले, पण हात जोडायचे राहिले, कारण हातातला फोन वाजला. दोन वाजून वीस मिनिटं. तिकडे दहा कमी चार. भाऊच बोलत होता, कुणाचा तरी फोन मागून. घरी आधी कळवलं होतं; मग भाईंना, कारण रात्रपाळीचा माणूस या वेळी समुद्रावर जागा असणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाईंनी फार काही विचारलं नाही. "सगळे आसत?" एवढंच दोनदा. मग फोन ठेवून आमच्याकडे बघून म्हणाले, "देवगडाक आसत. आठय जण."

उस्ताद "अलहम्दुलिल्लाह" म्हणाला. चेट्टननं खिशातून बिडी काढून भाईंना दिली. भाईंनी ती सोडून सात वर्षं झाली होती, तरी घेतली. एवढंच झालं. मिठ्या वगैरे मारल्या नाहीत. पावणेतीनला फाटकावर सही केली आणि कामाला लागलो.

पण समुद्राच्या बाजूनं हिशेब पुरा व्हायचा होता. वादळ २७ तारखेला, ऐन दिवाळीत, 'सुपर सायक्लोन' झालं. अरबी समुद्रात गोनूनंतर पहिलंच. आणि तोंड ओमानकडे. आता लाटेचं गणित असं, की मोठं वादळ लांब पल्ल्याच्या लाटा सोडतं आणि त्या वादळाच्या पुढे धावतात. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये बारा सेकंद असतील, तर त्या लाटांची ऊर्जा खोल समुद्रात ताशी सुमारे चौतीस किलोमीटर वेगानं सरकते. कोकणाजवळून निघालेल्या लाटेला आमच्यापर्यंत यायला ढोबळमानानं दोन दिवस. शिवाय वादळ स्वतः जवळ येत होतं, म्हणजे पुढच्या लाटा आणखी मोठ्या. भरीला अमावास्या, उधाणाची भरती.

सोमवारी रात्री आम्ही फाटकाबाहेर आलो आणि या खेपेला कानातले बोळे काढायच्या आधीच आवाज ऐकू आला. वारा जवळपास नव्हता. वर तारे स्वच्छ. आणि तरी समुद्र एकेक लांब, गुळगुळीत लाट घेऊन येत होता, शांतपणे, मोजून मापून. आम्ही घड्याळ लावलं. बारा सेकंद, तेरा, बारा. किनारा उत्तरेला असला तरी लाटा टेकड्यांना वळसा घालून, वाकून आत येत होत्या. भाई गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. प्रत्येक लाट त्यांच्या कंबरेपर्यंत यायची आणि परत जायची. आम्ही ओरडून बाहेर बोलावलं, तर म्हणाले, "थांबा वो. ही देवगडासून इल्ली." आमच्या हिशेबानं त्या रात्रीची लाट देवगडची नव्हती, बरीच पुढची होती. तो हिशेब आम्ही आमच्यापाशीच ठेवला. इराणच्या वेळेला बोललो होतो, तेवढं पुरे.

फार वेळ मिळालाच नाही. वायरलेस खरखरला: समुद्राच्या पाण्याचा गढूळपणा चढतोय, फिल्टरचा दाब वाढतोय. लाटांनी तळाची वाळू ढवळली होती. चौघे धावत परत. पुढचे दोन दिवस आम्ही फिल्टर धुवत आणि उत्पादन कमी-जास्त करत काढले. ओमानच्या आणि अमिरातीच्या किनाऱ्यावर सखल भागात पाणी शिरलं; वादळ मात्र जमिनीवर न येता समुद्रातच विरलं. मस्कतचे नळ चालू राहिले. तुम्हा कुणाला काही कळलंही नसेल, आणि आमच्या धंद्यात ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. भाई दोन रात्री ओल्या पँटीनं पंपाखाली होते. त्यांचं फराळाचं ताट फोरमनच्या टेबलावर तसंच पडून होतं. शेवटी चेट्टननं करंज्या संपवल्या.

वहिनींच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं आहे की नाही आम्हाला माहीत नाही. आमच्या ओळखीत रात्रपाळीवर बरीच मंडळी आहेत: इस्पितळात, विमानतळावर, तेलाच्या कामावर. त्यांच्या घरच्यांना वाटतं की माणूस रात्री जागतो, दिवसा झोपतो, एवढाच काय तो फरक. तसं नाही. रात्रपाळीच्या माणसाला घरातले सगळे झोपलेले दिसतात आणि घरातल्यांना तो झोपलेला दिसतो. चिरंजीव लहान असताना त्यांनी शाळेत बाबांचं चित्र काढलं होतं: पांघरूण आणि दोन पाय. मधली पाऊण तासाची मोकळी जागा कुठे घालवायची हा म्हणून फालतू प्रश्न नाही. आम्हाला समुद्र मिळाला हे नशीब. वाळवंटात कामाला असलेले आमचे एक स्नेही ट्रकच्या रांगेभोवती फेऱ्या मारतात. त्यांना सत्तावीस ट्रकांच्या नंबरप्लेटा पाठ आहेत.

भाई दोन वर्षांपूर्वी साठ पुरी करून कायमचे गावी गेले. निरोपाच्या रात्री कंपनीनं घड्याळ दिलं आणि आम्ही होकायंत्र दिलं. आता आम्ही तिघे चालतो. भाईंच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, कामाला वाघ, पण कानातले बोळे काढले की लगेच हेडफोन घालतो. आम्ही काही म्हणत नाही. परवा त्यानं एका कानातला काढला होता.

आणि परवाच, दोन वीसला, आमचा फोन वाजला. या वेळी फोन करणारा एकच माणूस.

"सायब, हयसर मतलई सुटलो हा. भावाबरोबर होडी भायर काढतंव."

आम्ही म्हटलं, "इकडेही सुटलाय, भाई."

"खंय चल्लो तो?"

"इराणला."

"मगे माझो नमस्कार सांगा," म्हणाले आणि फोन ठेवला.